मास्तरांची हरकत

"हे लोक पहिल्यापासूनच असे," असं कुणी म्हणालं की आमचे घरमालक हातातला कप खाली ठेवायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "पहिल्यापासून म्हणजे कुठल्या सालापासून?" समोरचा गडबडला की पर्यायही तेच पुरवायचे. "सातव्या शतकापासून? पहिल्या क्रूसेडपासून? की गेल्या मंगळवारपासून?" मग ती खाटकाच्या दुकानातली रांग असो की लसीकरणाची, साल सांगितल्याशिवाय माणसाची सुटका नसे. गावातली शहाणी माणसं त्यांच्यासमोर फक्त हवामानाविषयी बोलत. कधीकधी ते त्याचंही साल विचारत.

गाव आयर्लंडच्या पश्चिमेला, एनिसपासून वीसेक मिनिटांवर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला तिथे अजून तोंड दाखवायचं आहे. २०२० च्या फेब्रुवारीत शॅननच्या एका कंपनीत मला नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा राहिलो. गाव त्यांना 'मास्टर' म्हणे. तिकडच्या लहान गावांत शाळेतल्या शिक्षकाला निवृत्तीनंतरही, आणि बहुधा मेल्यानंतरही, मास्टरच म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं लगेच 'मास्तर' करून टाकलं. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही, ती उणीव मी अशी भरून काढली.

उंच, जरासे वाकलेले, भुवया इतक्या दाट की पावसात त्यांना टोपी लागत नसेल असं वाटे. मला त्यांनी पगार विचारला नाही, सिगारेट ओढतोस का विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "इतिहास कितीपर्यंत झालाय?"

"दहावीपर्यंत," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"आमचाच."

"म्हणजे अर्धा," ते म्हणाले. "ग्रँड. सामान घेऊन ये."

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. त्या अभ्यासक्रमात इस्लाम आणि पश्चिम यांचा सगळा व्यवहार तीन पानांत आटपायचा. घोड्यावरची माणसं इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची, आणि पुढच्या पानावर छापखाना लागायचा. मास्तरांना हा अपमान वाटे, दोन्ही बाजूंचा. उरलेली पानं ते निवृत्तीनंतर शिकवत होते आणि त्या वर्गात मी एकटाच विद्यार्थी होतो. मार्चमध्ये देश बंद झाल्यावर तर पळून जायचीही सोय उरली नाही.

त्या वेळी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायला परवानगी होती. मास्तरांनी त्या दोन किलोमीटरांत अख्खा भूमध्य समुद्र बसवला. नदीवरचा पूल म्हणजे कॉर्डोबा, चर्च म्हणजे जेरुसलेम आणि गावाच्या टोकाचा पेट्रोल पंप म्हणजे व्हिएन्ना. रोज दुपारी काठी घेऊन आम्ही स्पेनमधून निघायचो. पुलावर ते हमखास थांबायचे. "ग्रीकांची पुस्तकं अरबीत गेली, अरबीतून लॅटिनमध्ये आली, आणि मग युरोपला वाटलं की ती आपल्याच माळ्यावर पडून होती," असं रोज म्हणायचे. चर्चपाशी आवाज खाली यायचा. पंपापाशी वळायचं, कारण तिथे हद्द संपायची. पण मास्तर कारण वेगळं द्यायचे. "ऑटोमन तुर्क इथवर दोनदा आले आणि दोन्ही वेळा परत फिरले. आपण काय त्यांच्यापेक्षा शूर?"

एकदा गार्डाने, म्हणजे तिथल्या पोलिसाने, गाडी थांबवून विचारलं, "कुठे निघालात, मास्टर?"

"व्हिएन्नाला."

तो गार्डा त्यांच्याच हाताखालून गेलेला. चेहरा जराही न हलवता म्हणाला, "लवकर परता. पाऊस येतोय."

जूनमध्ये वरची दुसरी खोली एका डॉक्टरने घेतली. सुदानचा, चाळिशीचा, एनिसच्या इस्पितळात लागलेला. बायको आणि दोन मुली खार्तूमला व्हिसाची वाट पाहत बसलेल्या. तो बॅगा खाली ठेवतो न ठेवतो तोच मास्तर म्हणाले, "खोली देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. माझे आजोबा ओमदुर्मानच्या लढाईत होते. इंग्रजांच्या पलटणीत. सुदानी माणसं मशीनगनने कापून काढली, त्या लढाईत. त्यांचं पदक त्या प्रेसमध्ये आहे." प्रेस म्हणजे तिकडे कपाट.

डॉक्टरने कपाटाकडे पाहिलं. "माझे पणजोबाही होते तिथे. समोरच्या बाजूला. त्यांना पदक मिळालं नाही."

"वाचले?"

"वाचले म्हणून तर तुम्हाला भाडेकरू मिळतोय."

मास्तरांनी टाळी वाजवली आणि किटली चढवली. त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते जमलंच.

माझं जमायला मात्र वेळ लागला, हे कबूल केलेलं बरं. नागपूरहून आईचा फोन आला. "काय रे बाप्पा, मुसलमानासंग एकाच फ्रिजमध्ये? दुसरी खोली नाही भेटत का?" आईला मी हसलो, आणि त्याच संध्याकाळी फ्रिजमधला वरचा कप्पा पुसून, त्याला टेप लावून, स्वतःपुरता वेगळा केला. इंजिनियर झालो, परदेशी आलो, पण टेप बरोबर घेऊन आलो होतो. पुढे लक्षात आलं की डॉक्टर सकाळ-संध्याकाळ घेवड्यासारख्या उकडलेल्या बिया खातो आणि मी वरणभात. फ्रिजमधलं भानगडीचं सामान सगळं मास्तरांचं. गाय मला चालत नाही, डुक्कर डॉक्टरला चालत नाही, आणि दोन्ही खाणारा माणूस आमच्यामध्ये बसून म्हणतोय, "या घरात धर्माने मिळणारं संरक्षण जनावरांना आहे, मला नाही." टेप दुसऱ्या आठवड्यात मीच काढली.

डॉक्टर माझं फोनवरचं बोलणं ऐकायचा आणि मध्येच कान टवकारायचा. वकील, तारीख, हिशेब, अर्ज. "हे सगळे शब्द आमचे," म्हणायचा. मी म्हणायचो, आमचे. मास्तर ते वहीत टिपून घ्यायचे. एकदा मी आईला म्हणालो, तुझी रोज तीच तक्रार. डॉक्टर म्हणाला, अरबीत तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं. म्हटलं, मग आमच्या आईने तो शब्द मूळ अर्थानेच वापरलाय.

आता खुर्च्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला.

मास्तरांच्या स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एक खिडकीजवळ, एक चुलीजवळ. चूल म्हणजे तिकडची मोठी लोखंडी, दिवसभर गरम राहणारी. वाद सुरू झाला की खिडकीच्या खुर्चीतून आपली बाजू मांडायची. मग चहा. मग उठून चुलीच्या खुर्चीत बसायचं आणि विरुद्ध बाजू मांडायची, ती अशी की खुद्द विरोधकाने म्हणावं, अगदी हेच मला म्हणायचं होतं. तो तसं म्हणेपर्यंत उठायचं नाही. मला त्यांनी आदिलशाहीची बाजू मांडायला लावली होती. मी, नागपूरचा माणूस, महाराजांच्या गोष्टींवर वाढलेला, आयर्लंडमध्ये पायजम्यात बसून विजापूरच्या दरबाराची वकिली करतोय! पाऊण तास झगडलो. अखेर मास्तर म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडे मराठे सरदार होते आणि तुमच्या राजाकडे मुसलमान. मग लढाई कशाची होती?" मी म्हणालो, "राज्याची." "शाबास," ते म्हणाले. "आता दहावी पास झालास."

त्यांची आवडती गोष्ट होती बाल्टिमोरची. अमेरिकेतलं नव्हे, आयर्लंडच्या दक्षिण टोकाचं कोळ्यांचं गाव. सतराव्या शतकात अल्जियर्सच्या चाच्यांनी तिथली शंभराहून जास्त माणसं एका झटक्यात उचलून गुलाम म्हणून नेली. कुणी ही गोष्ट इस्लामच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून काढली की मास्तर खूश व्हायचे. "बरोबर. क्रूरच होतं. आता पुढे लिही. चाच्यांचा कप्तान जन्माने डच. त्यांना वाट दाखवणारा कोळी आयरिश. पळवलेली माणसं बहुतेक इंग्रज, जी मुळात आमच्या जमिनीवर आणून बसवलेली. आता सांग, पूर्व कोण आणि पश्चिम कोण?" आणि कुणी उलट टोकाला जाऊन म्हणालं, की मुसलमान तर आयर्लंडचे तारणहार, एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात ऑटोमन सुलतानाने धान्याची जहाजं पाठवली, की त्यालाही सोडायचे नाहीत. "सुलतानाने पैसे पाठवले, ते लिहिलेलं आहे. जहाजांचं गाणं झालंय, कागद सापडलेला नाही." दोन्ही बाजूंना सारखंच नाराज करण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही.

तर घोटाळा.

गावात आणि आसपास मिळून आठ-नऊ मुसलमान कुटुंबं होती. इस्पितळातले डॉक्टर, एक नर्स, एक हॉटेलातला खानसामा, एक मोबाइल दुरुस्त करणारा. शुक्रवारची नमाज ते गावच्या हॉलमध्ये पढत. साथीत हॉल बंद झाला आणि उघडला तेव्हा शुक्रवार दुसऱ्याच कुणाला गेलेला. त्यांनी बंद पडलेलं कार्पेटचं दुकान घ्यायचं ठरवलं. आमचा डॉक्टर त्यात पुढे होता. मुलींचा व्हिसा आता येईल मग येईल असं चाललं होतं, आणि त्या येतील तेव्हा गावात आपला म्हणून एक शुक्रवार असावा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. इतर कशाबद्दल तो फार बोलायचा नाही. दुकानाबद्दल मात्र जेवताना बोलायचा, बिया गार होईपर्यंत.

२०२१ च्या जुलैत दुकानाच्या दारावर परवानगीच्या अर्जाचा कागद लागला. कागद लागला की पाच आठवडे कुणालाही कौन्सिलकडे हरकत नोंदवता येते. आमच्या त्या जिल्ह्यात हर्लिंगच्या खालोखाल हाच खेळ. आणि गावात कुणी एकानेही 'मुसलमान नकोत' म्हटलं नाही. सगळे म्हणाले, 'पार्किंग.' लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक त्यात सगळ्यात मोठ्याने म्हणाला. मास्तरांना त्याने काउंटरवरूनच सांगितलं, "डॉक्टर सोन्यासारखा माणूस आहे, माझ्या आईचा जीव वाचवला त्याने. पण हे लोक कसे असतात, मास्टर, आधी एक खोली मागतात." मास्तर म्हणाले, "कुठल्या सालापासून?" तो म्हणाला, "तुमचे खिळे घ्या."

मास्तरांनी कौन्सिलला पाठिंब्याचं पत्र लिहायचं ठरवलं. ते एका सकाळी झालं. पण नियम म्हणजे नियम. विरोधकांचं पत्र विरोधकांपेक्षा चांगलं लिहून पाहिल्याशिवाय आपल्या पत्राची भोकं दिसत नाहीत, असं त्यांचं मत. त्या दुसऱ्या पत्राला दोन दिवस लागले. त्यासाठी ते दुकानामागे जाऊन गटाराचं झाकण उचलून आले, काठी आत घालून चिखल मोजून आले. शेजारच्या अंत्यसंस्काराच्या दुकानातून शववाहिका बाहेर पडते तेव्हा रस्त्यात किती जागा उरते, तेही पावलांनी मोजलं. हाताने लिहिलेली दोन्ही पत्रं मी टाईप केली. पत्राच्या नावावरून त्याची बाजू कळता कामा नये हाही त्यांचाच हट्ट, म्हणून फायलींना मी नेहमीप्रमाणे खुर्च्यांची नावं दिली. एक 'खिडकी', एक 'चूल'. कागदाच्या कोपऱ्यात ते स्वतःच तसं लिहून द्यायचे.

आता आपलं पत्र नेहमी खिडकीत लिहिलं जायचं. पण त्या आठवड्यात आयर्लंडमध्ये ऊन पडलं. खिडकीत बसवेना, म्हणून मास्तर पाठिंब्याच्या पत्राला चुलीजवळ बसले आणि विरोधाला, आभाळ आल्यावर, खिडकीजवळ. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आपलं पत्र पाठवून दे." माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. एका कानात मॅनेजर होता. मी कौन्सिलच्या साइटवर सवयीने 'खिडकी' चढवली, मास्तरांचं नाव-पत्ता भरला, पोच आली, आणि मीटिंगमध्ये म्हणालो, "माझ्याकडून सगळं झालं."

चार दिवसांनी मास्तर बाहेरून आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. लोखंडवाल्याने भर दुकानात त्यांचा हात हातात घेतला होता. "फेअर प्ले टू यू, मास्टर! आम्हाला कुणाला असं मांडता आलं नसतं." आणि पबच्या बाहेरच्या बाकावर कुणीतरी त्यांच्यासमोर न मागता बिअरचा पाइंट आणून ठेवला होता.

मी साइट उघडली. सगळ्या हरकती जगाला दिसतील अशा लावलेल्या होत्या. बाकीच्या चार-चार ओळींच्या. मास्तरांची तीन पानी. मास्तरांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "टायपिंग चांगलं केलंस." मग खुर्ची ओढून बसले.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता कळवतो, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली. "मुदत संपली. आणि काय कळवणार? की मास्टर विरोधाची पत्रं गंमत म्हणून लिहितो? शब्द माझे आहेत, खाली नाव माझं आहे." मग म्हणाले, "डॉक्टरला मी सांगेन. तू नको."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्याची मला आजही लाज वाटते.

मास्तरांनी सांगितलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहत होतो. डॉक्टर खाली आला की ते बागेत जायचे, आणि त्यांच्या बागेत झुडपं फक्त दोन. त्याच आठवड्यात काबूल पडलं. टीव्हीवर दिवसभर तो विमानतळ, धावणारी माणसं. एरवी मास्तरांनी तीन साम्राज्यं आणि दीडशे वर्षं टेबलावर पसरली असती. आता आवाज बंद करून नुसतं चित्र पाहत बसायचे. गावात लोखंडवाला सांगत सुटला होता, "पाहताय ना टीव्हीवर? मास्टरने वेळेवर लिहिलं." डॉक्टर ड्यूटीवरून येई, बिया गरम करी, 'गुड नाइट' म्हणून वर जाई. दुकानाबद्दल बोलणं त्याने बंद केलं होतं. मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज मास्तरांनी 'तू नको' म्हटल्याचं मला बरोबर आठवायचं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या सकाळी, रविवारी, डॉक्टर खाली आला तेव्हा त्याच्या हातात ती तीन पानं होती, छापलेली, जागोजागी पेनाने खुणा केलेली. मास्तर बागेकडे निघाले. डॉक्टर दारात उभा राहिला. "बसा," तो म्हणाला. मास्तर बसले.

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. "ते मी पाठवलं," मी म्हणालो. "चुकून. मास्तरांचं खरं पत्र दुसरं आहे, पाठिंब्याचं. मी दाखवतो. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरलो."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "काहीतरी घोटाळा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ज्याला आम्ही नको आहोत तो माणूस गटारात काठी घालून चिखल मोजत नाही. 'पार्किंग' लिहितो आणि घरी जातो. मी नऊ दिवस वाट पाहिली, तुम्हा दोघांपैकी कोण आधी बोलतो त्याची." मग त्याने शेवटचं पान उलटलं. "पण हे एक वाक्य आहे." आणि त्याने सावकाश वाचलं, "पाहुण्यांचे मालक कसे होतात, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही."

मी घाईघाईने म्हणालो, "ते नुसतं त्या बाजूने—"

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले. मग डॉक्टरकडे वळले. "ते माझं आहे. बाकीचं मी त्यांच्यासाठी लिहिलं. ते वाक्य लिहिताना मला ते खरं वाटलं. अर्धी दुपार वाटत होतं. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की दुसऱ्याच्या जागी बसून पाहा. मी बसलो, तर ती जागा मला गरम लागली. आधीपासून कुणीतरी बसून गेल्यासारखी. बहुतेक मीच." त्यांनी चष्मा काढला. "हेच सांगायचं होतं आणि हेच सांगवेना."

डॉक्टरने पानं टेबलावर ठेवली.

"माझी आजी हेच वाक्य म्हणायची," तो म्हणाला. "शब्दही जवळपास हेच. तुमच्या आजोबांच्या पलटणीबद्दल."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. दीड वर्ष त्यांच्या तोंडून मी किती शतकं ऐकली होती, किती लढाया, किती तह. त्या सगळ्याचं वजन मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. दोन माणसांच्या घरात एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पडून होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांसाठीच राखून ठेवलेलं.

मग डॉक्टर म्हणाला, "आणि ते गटार खरंच तुंबतं का?"

"जोराचा पाऊस झाला की," मास्तर म्हणाले.

"मग चला. बाहेर पडतोय."

आम्ही तिघं गेलो. भर पावसात मास्तर गुडघ्यावर बसून झाकण उचलतायत, डॉक्टर फोनवर फोटो काढतोय आणि मी दोघांवर छत्री धरून उभा, असं दृश्य गावाने पाहिलं आणि त्याचा काय अर्थ लावायचा ते गावाला कळेना. पुढचे दोन आठवडे मास्तरांनी स्वतःच्याच हरकतीला मुद्द्यागणिक उत्तरं तयार केली. कौन्सिलचं पत्र आलं, त्यात बरोबर तेच तीन प्रश्न होते. गटाराचं काय, आगीच्या वेळचं मागचं दार दुसऱ्याच्या अंगणात उघडतं त्याचं काय, आणि शुक्रवारच्या गाड्यांचं काय. उत्तरं त्याच दिवशी गेली. या वेळी फाइल मी तीनदा उघडून पाहिली आणि डॉक्टरला मोठ्याने वाचायला लावली.

परवानगी आली ती अटींसकट. त्यातली एक अशी की दर शुक्रवारी साडेबारा ते दोन गाड्या लावून घ्यायला फाटकाशी एक जबाबदार माणूस उभा राहिला पाहिजे, शववाहिकेची वाट अडता कामा नये. ही अट मास्तरांच्या हरकतीतून जशीच्या तशी उचललेली होती.

नोव्हेंबरात पहिला शुक्रवार झाला. मला राजधानीजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला नवी नोकरी मिळाली होती, पुढच्या आठवड्यात मी गाव सोडणार होतो, म्हणून मुद्दाम रजा टाकून गेलो. बारीक पाऊस होता. फाटकाशी मास्तर उभे. पिवळं चमकणारं जाकीट त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलेलं, हातात काठी. एकेका गाडीला ते अशा थाटात जागा दाखवत होते की जणू तह लिहून देतायत. डॉक्टर इस्पितळातून धावत आला तेव्हा त्याला म्हणाले, "उशीर झाला तुला. युअर मॅनने सुरू केलंय." 'युअर मॅन' म्हणजे तिकडे 'तो गडी', इथे इमाम; आतून खरंच त्याचा आवाज येऊ लागला होता.

तेवढ्यात लोखंडवाल्याची गाडी आली आणि बरोबर फाटकासमोर थांबली. त्याने काच खाली केली. आधी त्या जाकिटाकडे पाहिलं, मग आतल्या चपलांच्या रांगांकडे, मग पुन्हा मास्तरांकडे.

"मास्टर," तो म्हणाला, "तुम्ही तर हरकत घेतली होती ना?"

"घेतली होती," मास्तर म्हणाले. "म्हणून तर उभा आहे. गाडी पुढे घे."